दोन पेशी एक केल्या, तर गाठ होते की नाही?

कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी एकमेकींत मिसळून त्यांची एकच पेशी करून टाकली, तर ती कोणाच्या वळणावर जाईल? ती उंदराच्या कातडीखाली टोचली तर गाठ होईल की नाही? प्रश्न शाळकरी वाटतो, पण कर्करोगाच्या जनुकशास्त्रातला एक मोठा वाद याच प्रश्नावर वीस वर्षं चालला. गाठ करण्याचा गुण 'प्रभावी' असेल, तर एक बिघडलेलं जनुक पुरेसं ठरतं. तो 'अप्रभावी' असेल, तर निरोगी पेशीत असं काहीतरी आहे जे गाठीला आवरतं, आणि ते हरवल्याशिवाय कर्करोग होत नाही. दुसरी शक्यता खरी ठरली तर शोधायची गोष्टच बदलते. बिघडलेलं काय आहे हे पाहण्याऐवजी हरवलंय काय हे पाहावं लागतं.

सुरुवात १९६० साली पॅरिसजवळच्या विलझ्विफ इथे झाली. जॉर्ज बार्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींचे दोन वाण (वाण म्हणजे एकाच मुळापासून प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) एकाच बाटलीत वाढवले. एक गाठ करण्यात पटाईत, दुसरा मंद. काही महिन्यांनी बाटलीत तिसऱ्याच प्रकारच्या पेशी दिसू लागल्या. त्यांच्यातली गुणसूत्रं दोन्ही वाणांच्या बेरजेइतकी, म्हणजे साधारण ११५ होती. या पेशी गाठी करत होत्या, म्हणून गाठीचा गुण प्रभावी, असा निष्कर्ष निघाला आणि तो बरीच वर्षं टिकला.

१९६९ मध्ये ऑक्सफर्डचे हेन्री हॅरिस आणि स्टॉकहोमचे जॉर्ज क्लाइन यांच्या गटांनी तो उलटवला. उंदराच्या अत्यंत आक्रमक गाठींच्या पेशी, त्यात प्रसिद्ध एर्लिश जलोदर गाठही होती, त्यांनी ए-९ या कमी आक्रमक पेशींशी जोडल्या. संकरित पेशींची गाठ करण्याची क्षमता एकदम खाली आली. ज्या थोड्या उंदरांना गाठी झाल्या, त्या गाठींतल्या पेशींनी गुणसूत्रं गमावलेली होती. बार्स्कींच्या निरीक्षणात चूक नव्हती. पण संकरित पेशी महिनोन्महिने वाढवल्या की त्या गुणसूत्रं टाकत जातात, आणि गाठीला आवरणारं गुणसूत्र गेलं की गाठ परत येते. आपण संकरित पेशी तपासतोय की तिचं गुणसूत्रं गाळून उरलेलं पिल्लू तपासतोय, हा फरक या सगळ्या विषयाचा कणा आहे. पुढे जे प्रथिनांबद्दल सांगायचंय, तेही याच फरकावर उभं आहे.

पेशी जोडायच्या कशा

हॅरिस आणि जॉन वॉटकिन्स यांनी १९६५ मध्ये अतिनील किरणांनी निष्प्रभ केलेला सेंदाई विषाणू वापरला होता. पेशी चिकटवण्याचा त्याचा गुण त्याआधी जपानात ओकादांनी दाखवला होता. आज बहुतेक ठिकाणी पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत 'पेग', वापरतात. दोन्ही वाणांच्या समान संख्येने पेशी घ्यायच्या, सीरम (पेशींच्या खाद्यात घालतात तो रक्तातला पेशीविरहित द्रव) नसलेल्या माध्यमाने धुवायच्या (सीरमची प्रथिनं राहिली तर जोडणी बिघडते), सेंट्रिफ्यूज करून पेशींचा गोळा तळाला बसवायचा आणि वरचं द्रव पूर्ण काढायचं. मग ३७ अंशांना ठेवलेलं ५० टक्के पेग-१५०० एक मिलिलिटर, एका मिनिटात थेंबथेंब सोडायचं. आणखी एखादं मिनिट थांबायचं. त्यानंतर माध्यम हळूहळू वाढवत नेऊन पाच मिनिटांत पेग पातळ करायचं. इथे घाई झाली तर अर्धवट जुळलेल्या पेशी फुटतात. उशीर झाला तर पेगच त्यांना मारतं. दोन मिनिटांपुढे पेशी घट्ट पेगमध्ये ठेवू नयेत.

जोडणी झाली की आधी एका पेशीत दोन केंद्रकं दिसतात. ही अजून संकरित पेशी नव्हे. दोन्ही केंद्रकं एकाच वेळी विभाजनात शिरली आणि गुणसूत्रं एकाच तर्कूवर (विभाजनात गुणसूत्रं ओढणाऱ्या धाग्यांच्या चातीवर) आली, तरच पुढच्या पिढीत एक केंद्रक असलेली खरी संकरित पेशी जन्मते. बहुतेक जोड्या इथवर पोचतच नाहीत. लाखभर पेशींमागे हाती लागणाऱ्या वसाहती, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, मोजक्याच असतात. उरलेल्या मूळ पेशींचा गवतासारखा माजलेला थर मारायचा कसा, ही खरी अडचण.

ती १९६४ मध्ये जॉन लिटलफील्ड यांनी सोडवली. डीएनएचे घटक पेशी दोन मार्गांनी मिळवते. एक तर ते मुळापासून बनवते, नाहीतर बाहेरून आलेले तयार तुकडे वापरते. अमिनोप्टेरिन हे औषध पहिला मार्ग बंद करतं. दुसऱ्या मार्गाला प्युरिनसाठी एचपीआरटी हे विकर लागतं आणि थायमिडिनसाठी थायमिडिन कायनेज. मग एका वाणात पहिलं विकर नसलेल्या पेशी घ्यायच्या आणि दुसऱ्या वाणात दुसरं नसलेल्या. माध्यमात हायपोझँथिन १०० मायक्रोमोलर, अमिनोप्टेरिन ०.४ मायक्रोमोलर आणि थायमिडिन १६ मायक्रोमोलर. या तिघांच्या आद्याक्षरांवरून हे 'हॅट' माध्यम. यात दोन्ही मूळ वाण मरतात, आणि ज्या पेशीला एकाकडून एक व दुसऱ्याकडून दुसरं विकर मिळालं तीच जगते. हॅट जोडणीनंतर २४ तासांनी घालावं. वसाहती दोन ते तीन आठवड्यांत उचलण्याजोग्या होतात. पुढे हॅट काढायचं असेल तर एकदम काढू नये. आठवडा-दोन आठवडे हायपोझँथिन आणि थायमिडिन चालू ठेवावं, कारण अमिनोप्टेरिन पेशीत रेंगाळतं.

कागदावर हे अगदी चोख दिसतं, प्रत्यक्षात तीन ठिकाणी फसतं. मूळ वाणातली एखादी पेशी उत्परिवर्तनाने विकर परत मिळवते आणि संकरित असल्यासारखी वाढते. म्हणून प्रत्येक वाण एकटा, तेवढ्याच संख्येने, हॅटमध्ये ठेवून पाहणं सक्तीचं आहे, त्यात एकही वसाहत येता कामा नये. दुसरं, पेशी दाट पेरल्या की शेजारची धडधाकट पेशी आपले न्यूक्लिओटाइड (डीएनएचे घटक) दोघींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून विकरहीन पेशीला पुरवते आणि मरायला हवी ती तगते. तिसरं मायकोप्लाझ्मा. हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सहजी दिसत नाही, पण माध्यमातलं थायमिडिन फस्त करतो, आणि खऱ्या संकरित पेशीही हॅटमध्ये मरतात. पूर्ण डिश साफ झाली तर पेगला दोष देण्याआधी होक्स्ट रंगाने किंवा पीसीआरने मायकोप्लाझ्मा तपासावा. तो असेल तर प्रथिनांची पुढची सगळी मोजमापंही कवडीमोल.

एका डिशमधून एकच वसाहत उचलावी, हा नियम कंटाळवाणा वाटतो पण मोडू नये. एकाच डिशमधल्या दोन वसाहती बहिणी असू शकतात, आणि मग 'दहा संकरित वाण तपासले' हे वाक्य खोटं ठरतं.

ती खरंच संकरित आहे का

गुणसूत्रं मोजणं ही पहिली कसोटी. कोल्सेमिडने विभाजन थांबवायचं, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी फुगवायच्या, तीन भाग मेथनॉल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्लात पक्क्या करायच्या आणि गिम्साने रंगवायच्या. निदान ३० ते ५० पेशी मोजाव्यात. घरच्या उंदराची गुणसूत्रं ४०, आणि सगळी एका टोकाला सांधलेली. चिनी हॅमस्टरची फक्त २२ आणि त्यांतली कित्येक मोठी, दोन भुजांची. रॅटची, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराची, ४२. या फरकांमुळे भिन्न प्राण्यांच्या संकरात कोणाचं काय उरलं हे नुसत्या नजरेनेही बरंचसं कळतं.

दुसरी कसोटी प्रथिनांचीच आहे, आणि आपल्या मते या विषयातला सर्वांत देखणा पुरावा तिनेच दिला. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर चार तुकड्यांचं असतं. रॅटचा तुकडा आणि उंदराचा तुकडा जेलमध्ये, म्हणजे विजेच्या ओढीने प्रथिनं वेगळी करणाऱ्या थरात, वेगळ्या वेगाने सरकतात. दोन वाणांच्या पेशी नुसत्या शेजारी शेजारी वाढत असतील तर जेलवर दोनच पट्टे दिसतील, एक शुद्ध रॅटचा आणि एक शुद्ध उंदराचा. पण दोन्ही प्रकारचे तुकडे एकाच पेशीद्रव्यात बनत असतील, तर ते मिसळून चौकडी बांधतात. तीन-एक, दोन-दोन, एक-तीन असे आणखी तीन पट्टे येतात. दोन्हींचं उत्पादन समसमान असेल आणि जोडणी योगायोगाने होत असेल, तर पाच पट्ट्यांची दाटी १:४:६:४:१ अशी यायला हवी. मेरी वाइस आणि बोरिस एफ्रुसी यांनी १९६६ मध्ये रॅट आणि उंदीर यांच्या संकरित पेशींत हेच विकर तपासलं. मधले पट्टे दिसले की वाद संपतो, कारण दोन पेशींच्या मिश्रणाला ते बनवताच येत नाहीत.

दोन्ही पालक उंदीरच असतील तर ही सोय सहसा नसते. मग उंदरांच्या दोन शुद्ध वाणांत वेगळं रूप असणारं एखादं विकर शोधावं लागतं. ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेज तसं आहे. ते दोन तुकड्यांचं, म्हणून तीन पट्टे, १:२:१.

गाठ करण्याची क्षमता मोजताना

डिशमध्ये दिसणारे गुण आणि प्राण्यात दिसणारी गाठ यांची गल्लत होऊ देऊ नका. डिशमधले नेहमीचे गुण तीन: कमी सीरमवर वाढणं, दाटी झाली तरी न थांबणं आणि आधाराला न चिकटता मऊ अगारमध्ये वसाहत करणं. मऊ अगारसाठी तळाला ०.५ ते ०.६ टक्के अगार आणि वर ०.३ टक्क्यांच्या थरात हजार ते दहा हजार पेशी. वरचं अगार ४० अंशांच्या आसपास असताना पेशी मिसळाव्यात. जास्त गरम असेल तर पेशी शिजतात आणि 'आधाराविना वाढत नाहीत' असा खोटा निकाल हाती येतो. पेशी सुट्या नसतील तर याच्या उलटा घोटाळा होतो. पहिल्या दिवशीच चाळीस पेशींचा गोळा पडला असेल तर तिसऱ्या आठवड्यात तो वसाहतच वाटणार. म्हणून पेरल्या दिवशी डिश पाहून गोळे टिपून ठेवायचे.

प्राण्यातल्या चाचणीसाठी थायमस ग्रंथी नसलेले, केस नसलेले 'न्यूड' उंदीर वापरतात. परकी पेशी नाकारणारी टी पेशींची फळी त्यांच्यात नसते. हे महत्त्वाचं आहे, कारण दोन भिन्न वाणांचे संकर साध्या उंदरात टोचले आणि गाठ झाली नाही, तर पेशी सौम्य होती की प्रतिकारशक्तीने मारली, हे सांगता येत नाही. न्यूड उंदरातही नैसर्गिक मारक पेशी जोरदार असतात, म्हणून चार ते सहा आठवड्यांचे कोवळे उंदीर घेतात, किंवा त्या पेशीही नसलेले वाण. दहा लाख ते एक कोटी पेशी ०.१ ते ०.२ मिलिलिटरमध्ये कातडीखाली टोचायच्या. ट्रिपॅन ब्लूने जिवंत पेशींचं प्रमाण पाहायचं, ते ९० टक्क्यांखाली असेल तर टोचूच नये. गाठ कॅलिपरने मोजायची: लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. प्रत्येक फेरीत गाठ करणारा पालक आणि न करणारा पालक दोघेही हवेत. भारतात यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. पेशींचे वाण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात.

निकाल फक्त 'झाली' किंवा 'नाही झाली' असा लिहू नये. किती पेशींना, किती दिवसांनी, किती उंदरांत, हे तिन्ही हवं. दहा हजार पेशींनी तीन आठवड्यांत झालेली गाठ आणि एक कोटी पेशींनी चार महिन्यांनी झालेली गाठ एका रकान्यात बसत नाहीत. उशिरा आलेली गाठ म्हणजे बहुधा टोचलेल्या लाखोंपैकी एखाद्या पेशीने गुणसूत्र टाकलं आणि ती वाढली. अशी गाठ काढून पुन्हा डिशमध्ये वाढवायची आणि गुणसूत्रं मोजायची. गाठीत यजमान उंदराच्या पेशीही येतात, आणि हॅट त्यांना मारत नाही, कारण त्यांची विकरं शाबूत असतात. संकरित पेशीत आधीच वूआबेन किंवा जी-४१८ या औषधांना दाद न देण्याचं चिन्ह घालून ठेवलं असेल तर त्या औषधाने यजमान पेशी काढता येतात. चिनी हॅमस्टरच्या पेशी वापरण्याचा फायदा इथेही होतो. त्यांची मोठी, दोन भुजांची गुणसूत्रं आणि उंदराची एका टोकाला सांधलेली गुणसूत्रं यांत गफलत होत नाही.

बॉस्टनमध्ये रूथ सेगर यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी याच प्राण्यावर काम केलं. चिनी हॅमस्टरच्या भ्रूणातल्या तंतुपेशींचे (पेशींभोवतीची जाळी विणणाऱ्या पेशींचे) दोन वाण: शेफ-१८, द्विगुणित (गुणसूत्रांचे नेहमीचे दोन संच असलेला), शिस्तीत वाढणारा, गाठ न करणारा, आणि शेफ-१६, न्यूड उंदरात गाठ करणारा. हॅरिस यांच्या ए-९ पेशींवर 'ती तरी कुठे निरोगी?' हा आक्षेप होता आणि तो रास्त होता. ए-९ची गुणसूत्रं पार विस्कटलेली आहेत. शेफ-१८ त्यापेक्षा पुष्कळ सरळ. इथेही संकरात गाठीचा गुण दबला. पुढे त्याच गटाने शेफ-१८मध्ये उत्परिवर्तनं घडवून मऊ अगारमध्ये वाढणाऱ्या किंवा कमी सीरमवर वाढणाऱ्या पेशी निवडल्या. त्यांतल्या कित्येकांनी उंदरात गाठ केलीच नाही. म्हणजे डिशमधला वाईट गुण आणि प्राण्यातली गाठ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. आजही अनेक शोधनिबंधांत मऊ अगारचा निकाल गाठीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो तसा धरू नये.

आता प्रथिनं

संकरित पेशीत प्रथिनं तीन तऱ्हांनी वागतात. पेशीच्या रोजच्या कामाची प्रथिनं दोन्ही पालकांकडून बनत राहतात, वर पाहिलेलं लॅक्टेटचं विकर तसं. विशेष कामाची प्रथिनं मात्र बहुधा गप्प होतात. १९६६ मध्ये सीरियन हॅमस्टरच्या काळ्या मेलॅनोमा पेशी उंदराच्या तंतुपेशींशी जोडल्या, तेव्हा संकरित पेशींत रंगद्रव्य बनणं थांबलं. रॅटच्या यकृत-गाठीच्या पेशींचं टायरोसिन अमिनोट्रान्सफरेजही तंतुपेशींशी संकर केल्यावर असंच विझतं. विझवणाऱ्या घटकांपैकी एक १९९१ मध्ये ओळखला गेला, तो निघाला प्रथिन कायनेज-ए या विकराचा नियामक तुकडा. तिसरी तऱ्हा दुर्मीळ. रॅटच्या यकृत-पेशीशी जोडल्यावर उंदराच्या तंतुपेशीचं झोपलेलं अल्ब्युमिन जनुक जागं झालेलंही दिसलंय.

त्यामुळे 'गाठ दबलेल्या संकरित पेशीत अमुक प्रथिन कमी झालं, म्हणून ते गाठीचं प्रथिन' हा तर्क लंगडा आहे. दोन भिन्न जातींच्या पेशी जोडल्या की शेकडो प्रथिनं हलतात, त्यांचा गाठीशी काडीचा संबंध नसतो. तुलना करायची ती संकरित पेशीची तिच्या पालकाशी नव्हे, तर गाठ दबलेल्या संकरित पेशीची तिच्याच पोटी निघालेल्या, गाठ परत आलेल्या पेशीशी. या दोघींत बहुतेक गुणसूत्रं सारखी, संकराचे धक्के सारखे, वय जवळपास सारखं. फरक मोजका. आणि अशा जोड्या एकापेक्षा जास्त, वेगवेगळ्या संकरांतून आलेल्या हव्यात. प्रथिन प्रत्येक जोडीत गाठीबरोबर ये-जा करत असेल तरच ते पुढे तपासण्याजोगं.

मोजताना होणाऱ्या चुका बहुतेक पेशी वाढवतानाच्या असतात, जेल नंतरचं. गाठ करणारी पेशी दाटी झाली तरी वाढत राहते, सौम्य पेशी थांबते. दोन्ही डिश भरल्यावर पेशी काढल्या, तर तुम्ही वाढणारी पेशी आणि थांबलेली पेशी यांची तुलना करता, घातक आणि सौम्य यांची नाही. दोन्ही ६० ते ७० टक्के भरलेल्या असताना, एकाच बॅचच्या सीरममध्ये, शेवटचं माध्यम एकाच वेळी बदलून काढाव्यात. जेलच्या प्रत्येक पट्टीत २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन भरावं. पेशींच्या संख्येवर जाऊ नये, कारण संकरित पेशी मोठी असते आणि तिच्यात प्रथिन जवळजवळ दुप्पट असतं. समान भरलंय हे दाखवायला ग्लिसराल्डिहाइड फॉस्फेट डिहायड्रोजिनेज सगळे सवयीने वापरतात, पण ते ग्लुकोज जाळण्याच्या साखळीतलंच विकर आहे आणि गाठीच्या पेशी नेमकी तीच साखळी वाढवतात. अ‍ॅक्टिनही पेशीचा आकार बदलला की हलतं. त्यापेक्षा जेलवरून पडद्यावर उतरवलेल्या एकूण प्रथिनाला पाँसो रंग देऊन तो आधार धरणं बरं.

फायब्रोनेक्टिनचं उदाहरण पाहा. पेशीबाहेरच्या जाळीतलं हे मोठं प्रथिन, एकेक साखळी सुमारे २२० ते २५० किलोडाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). १९७०च्या दशकात ते 'कर्करोगी झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावरून नाहीसं होणारं प्रथिन' म्हणूनच प्रसिद्ध झालं. ते मोजायला पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या तर ट्रिप्सिन तेच कापून टाकतं आणि सगळ्याच पेशी कर्करोगी दिसतात. पेशी खरवडून काढाव्या लागतात. शिवाय माध्यमातल्या गाईच्या सीरममधलं फायब्रोनेक्टिन डिशला चिकटलेलं असतं, म्हणून नीट धुवायचं आणि कृंतकांचंच (उंदीर, हॅमस्टर अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांचंच) ओळखणारं प्रतिपिंड वापरायचं. एवढं सांभाळूनही निकाल निराश करणारा आला. संकरित पेशींत फायब्रोनेक्टिनचं प्रमाण आणि गाठ यांची साथ टिकली नाही, पृष्ठभागावर ते भरपूर असलेल्या पेशीही गाठ करू शकतात आणि कमी असलेल्या करत नाहीत. डिशमधल्या तंतुपेशींत ज्याची इतकी वाहवा झाली ते प्रथिन संकरांच्या कसोटीला उतरलं नाही.

उतरलं ते दुसरंच. १९७८ मध्ये ब्रॅमवेल आणि हॅरिस यांनी उंदरांच्या संकरित पेशींच्या आवरणातलं सुमारे १ लाख डाल्टन वजनाचं एक ग्लायकोप्रथिन दाखवलं. त्याची शर्करा-साखळी गाठ करणाऱ्या पेशींत वेगळी होती. गाठ दबली की ते साधं रूप घ्यायचं, आणि गुणसूत्र गळून गाठ परत आली की पुन्हा बदललेलं. १९८१ मध्ये त्याच गटाने ग्लुकोज आत घेण्याची क्रिया मोजली. घातक संकरित पेशींत अर्ध्या वेगाला पोचायला लागणारी ग्लुकोजची मात्रा त्यांच्या सौम्य जोडीदारापेक्षा कमी निघाली. म्हणजे ग्लुकोज विरळ असलं तरी ती पेशी ते ओढून घेते. रक्तवाहिन्या न पोचलेल्या गाठीच्या गाभ्यात अशी पेशी इतरांना पुरून उरेल हे उघड आहे. हे मोजमाप करून पाहायचं असेल तर एक सूचना. किरणोत्सारी २-डीऑक्सिग्लुकोज, म्हणजे ग्लुकोजची नक्कल, पेशीत शिरल्यावर लगेच फॉस्फेट जोडून अडकतं. वाचन पहिल्या काही मिनिटांत घेतलं तर आवरणातून आत येण्याचा वेग कळतो. अर्धा तास थांबलात तर फॉस्फेट जोडणाऱ्या हेक्झोकायनेज विकराचा वेग मोजाल आणि आवरणाच्या प्रथिनावर भलताच ठपका ठेवाल. फॉस्फेट न जोडलं जाणारं ३-ओ-मिथिलग्लुकोज सोबत वापरलं तर पडताळा मिळतो.

याच्या अगदी उलट बाजूचं प्रथिन रास. सेगर यांच्याच गटातून १९८५ मध्ये आलेल्या कामात शेफ पेशी मानवी मूत्राशयाच्या कर्करोगातल्या बिघडलेल्या रास जनुकाने गाठ करणाऱ्या बनवल्या आणि मग निरोगी शेफ पेशींशी जोडल्या. गाठ दबली. रास जनुक जागच्या जागी होतं आणि त्याचं २१ किलोडाल्टनचं प्रथिनही बनत होतं. पुढच्याच वर्षी एरिक स्टॅनब्रिज यांच्या गटाने मानवी पेशींच्या संकरातही असंच दाखवलं. कर्करोगाचं सर्वांत नावाजलेलं प्रथिन भरपूर आहे, तरी गाठ नाही. आवरणारी गोष्ट रासचं उत्पादन थांबवत नाही, रासच्या पुढे कुठेतरी अडवते.

आवरते म्हणजे काय करते? हॅरिस यांनी १९८५ मध्ये गाठ दबलेल्या संकरित पेशी उंदरात टोचून त्या जागेचे काप पाहिले. निरोगी पालक तंतुपेशी असेल तर संकरित पेशी तिथे लांबट होत होत्या, स्वतःभोवती कोलॅजनची जाळी विणत होत्या आणि त्या जाळीतच विभाजन थांबवत होत्या. गाठ परत आलेल्या त्यांच्याच पिल्लांना ही जाळी विणता येत नव्हती. डिशमध्ये मात्र दोघी सारख्याच जोमाने वाढत. आधीचा मऊ अगारचा गोंधळ यामुळे बराच उलगडतो. थांबण्याची क्रिया प्राण्याच्या शरीरातच सुरू होत असेल तर ती प्लास्टिकवर दिसणार नाही.

हरवलेलं गुणसूत्र आणि शेवटची कसोटी

गाठ परत आलेल्या उंदीर-संकरांत कोणतं गुणसूत्र सतत हरवतं, हे योनासन, पोवी आणि हॅरिस यांनी १९७७ मध्ये पट्टे-रंगाने (प्रत्येक गुणसूत्रावर ओळखीचे पट्टे उमटवणाऱ्या रंगाने) तपासलं. बोट चौथ्याकडे गेलं: निरोगी पालकाकडून आलेलं चौथं गुणसूत्र. पी-१६ हे पेशीचक्र थांबवणारं प्रथिन बनवणारं जनुक उंदराच्या याच चौथ्या गुणसूत्रावर आहे, हे १९९०च्या दशकात कळलं. माणसात ते नवव्या गुणसूत्रावर असून असंख्य कर्करोगांत गळालेलं सापडतं. सगळं श्रेय पी-१६ला देण्याचा मोह टाळावा. चौथ्या गुणसूत्रावर जनुकं शेकड्यांनी आहेत, आणि संकरांमधला दाब तंतुपेशींच्या जाळीशीही जोडलेला दिसतो.

सेगर यांनी पुढे मानवी स्तनपेशींकडे मोर्चा वळवला आणि हाच विचार उलट्या बाजूने लावला. जनुक तुटलेलं नसेल, नुसतं गप्प असेल तर? निरोगी पेशीत बनणारी आणि गाठीत न बनणारी आरएनए त्यांनी वेगळी काढली. १९९४ मध्ये त्यातून मॅस्पिन हे प्रथिन मिळालं.

सोबतीने ये-जा करणाऱ्या प्रथिनाला कारण ठरवायचं असेल तर संकर पुरेसा नाही. एकतर एकच गुणसूत्र घालून पाहावं लागतं. दाता पेशींना ४८ तास कोल्सेमिड दिलं की गुणसूत्रं एकेकटी छोट्या केंद्रकांत विखुरतात. सायटोकॅलॅसिन देऊन सेंट्रिफ्यूज केलं की ती केंद्रकं सूक्ष्मपेशींच्या रूपाने बाहेर पडतात. त्या ८, ५ आणि ३ मायक्रॉनच्या गाळण्यांतून क्रमाने गाळून गाठीच्या पेशीशी पेगने जोडायच्या. गाळणीतून मोठ्या सूक्ष्मपेशी निसटल्या तर एकाऐवजी चार गुणसूत्रं जातात. गुणसूत्र वाटेत तुटून अर्धंच पोचतं, हेही नेहमीचं. गाठ दबली नाही तर 'या गुणसूत्रात काही नाही' म्हणण्याआधी ते पूर्ण पोचलं का, हे पट्टे-रंगाने नाहीतर जागोजागच्या डीएनए-खुणांनी पाहावं लागतं. किंवा मग थेट प्रथिनाच्या जनुकावर जायचं. गाठ दबलेल्या संकरित पेशीत ते क्रिस्परने (जनुक हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्राने) तोडायचं आणि गाठ परत येते का पाहायचं. गाठ परत आलेल्या पेशीत ते पुन्हा घालायचं, पण मूळ पेशीत होतं तेवढ्याच प्रमाणात. दसपट घातलं तर कोणतंही प्रथिन पेशीला आजारी पाडतं, आणि आजारी पेशी गाठ करत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.